एनडीए, सैनिकी शाळा आणि देवधर्म : पालक आणि मुलं सारखे विचारतात ते प्रश्न

गेली अकरा वर्षं सिंहगड रोडला एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासला) लेखी परीक्षेचे आणि एसएसबीचे, म्हणजे त्यानंतरच्या अधिकारी निवडीच्या मुलाखत-चाचण्यांचे, क्लास घेते. बाबा मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे अभ्यासापेक्षा घरातले प्रश्नच मला जास्त येतात, आणि त्यातले निम्मे देवधर्माचे असतात. आई-वडील एक विचारतात, मुलगा रात्री साडेअकराला वेगळंच मेसेज करून विचारतो, आणि दोघांनाही वाटतं की हे दुसऱ्यासमोर विचारायला नको. म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवतेय. कुठे आधी लिहिलेलं असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. एनडीएमध्ये धर्म शिकवतात का?

विषय म्हणून नाही. खडकवासल्याला तीन वर्षं असतात, शेवटी जेएनयूची डिग्री मिळते, त्यात सायन्स, सोशल सायन्स, कॉम्प्युटर वगैरे आणि बाकी ड्रिल, पीटी, कॅम्प. पण तिथलं बोधवाक्यच 'सेवा परमो धर्मः' आहे आणि त्यावर दरवर्षी कुणीतरी विचारतं की म्हणजे धर्म आलाच की! इथे धर्म म्हणजे आपण 'शेजारधर्म' किंवा 'पुत्रधर्म' म्हणतो तो, कर्तव्य. अकॅडमीची प्रार्थना आहे, ती देवालाच उद्देशून आहे, पण कुठल्या देवाचं नाव त्यात नाही. शरीर बळकट, मन जागं आणि वागणं सरळ राहू दे, आणि सोप्या चुकीपेक्षा अवघड असलं तरी बरोबर तेच निवडायची बुद्धी दे, असा तिचा आशय आहे. माझ्या क्लासमधल्या नास्तिक पोरालाही यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

२. मंदिर परेड म्हणजे नक्की काय असतं?

ही मुख्यतः युनिटमधली गोष्ट आहे, म्हणजे पलटणीतली. ठरलेल्या दिवशी, बहुतेक आठवड्यातून एकदा, सगळे जण युनिटच्या पूजास्थानी एकत्र जमतात, आरती किंवा अरदास (शिखांची प्रार्थना) होते, धर्मगुरू चार शब्द बोलतात, प्रसाद होतो. बाबा सांगतात की त्यांना देवापेक्षा बाहेरची बुटांची रांग जास्त आठवते, शंभर-सव्वाशे जोड एका रेषेत, लेस आत खोचलेल्या, आणि त्यात सीओ साहेबांचे, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांचे, बूट कुठले आणि कालच्या रिक्रूटचे कुठले ते सांगता यायचं नाही. युनिट शिखांचं असेल तर गुरुद्वारा, मिश्र असेल तर बऱ्याच ठिकाणी 'सर्वधर्म स्थळ' असतं, एकाच छपराखाली सगळे.

आता महत्त्वाचं. जवानांनी आपापल्या धर्माप्रमाणे जायचं असतं, पण ऑफिसर त्याच्या जवानांबरोबर जातो, स्वतःचा धर्म कुठलाही असो. सैन्यात सरळ बोलतात, जो जवानांचा धर्म तोच साहेबाचा धर्म. म्हणून पुण्याचा ख्रिश्चन मुलगा शीख कंपनीत गेला तर डोक्याला कापड बांधून गुरुद्वाऱ्यात बसतो आणि कोकणस्थ ब्राह्मणाचा मुलगा ईदला नमाजाच्या वेळी आपल्या माणसांपाशी हजर असतो. हे ज्याला आधीपासून माहीत असतं त्याला काही वाटत नाही. ज्याला कमिशन मिळाल्यावर, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक झाल्यावर, कळतं त्याचे हाल होतात, बघा प्रश्न ९.

३. पण सेक्युलर देशाच्या सैन्यात एवढा देवधर्म कशाला?

हा प्रश्न हल्ली मुलं विचारतात, आमच्या पिढीत कुणी विचारला नव्हता, आणि मला तो आवडतो.

इतिहासातून सुरुवात करू. १८०६ मध्ये वेल्लोरला कंपनी सरकारने शिपायांना कपाळावरचं गंध पुसा, दाढी काढा, आणि चामड्याचा बिल्ला असलेली नवी टोपी घाला असं सांगितलं, आणि जुलैमध्ये एका रात्रीत बंड झालं. ५१ वर्षांनी काडतुसांच्या चरबीवरून काय झालं ते शाळेत शिकलोच आहोत. नुसती टोपी आणि नुसती चरबी ही कारणं नव्हती, पगार आणि मानापमानाचं बरंच साठलं होतं, पण ठिणगी तिथे पडली. त्यानंतर माणसाच्या श्रद्धेला सैन्याने हात लावायचा नाही हे इंग्रजांना कळलं आणि ते आजपर्यंत चालत आलं. आजही आर्मी अ‍ॅक्टमध्ये कुणाच्या धर्मभावना जाणूनबुजून दुखावणं हा गुन्हा आहे.

दुसरं कारण साधं आहे. मरायची शक्यता असलेल्या ठिकाणी माणूस काहीतरी धरून ठेवतो. मराठा लाईट इन्फंट्रीचा 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय', शिखांचा 'बोले सो निहाल', जम्मू-काश्मीर रायफल्सचा 'दुर्गा माता की जय', या घोषणा ज्या वेळी दिल्या जातात त्या वेळी पाय पुढे टाकायचा असतो.

४. मी देव मानत नाही. शपथ कशी घेऊ?

शपथेच्या मजकुरातच सोय आहे. 'ईश्वराला स्मरून' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' यातलं एक. पुढचं सगळ्यांना सारखंच, संविधानाशी निष्ठा आणि जमिनीवर, समुद्रावर, हवेत, जिथे पाठवतील तिथे जाणं. रिक्रूटच्या कसम परेडला (शपथविधीला) धर्मगुरू आपापले ग्रंथ घेऊन उभे असतात म्हणून लोकांना वाटतं की ग्रंथाशिवाय शपथच नाही, तसं नाहीये. मात्र तू ऑफिसर झालास तर तुझा नास्तिकपणा मंदिर परेडच्या आड येणार नाही हे तुझं तुला बघावं लागेल (प्रश्न २).

५. आम्ही माळकरी आहोत. तुळशीची माळ काढावी लागेल का? आणि जेवणाचं काय?

आषाढीच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो. जेवणाचं सोपं आहे, मेसमध्ये शाकाहारी जेवण असतंच. कांदा-लसूणही नको असेल तर मात्र अवघड, रोज वेगळं ताट कुणी लावणार नाही.

माळेचं असं की युनिफॉर्मवर बाहेर दिसेल असं काही चालत नाही, गंध, गंडा, माळ, काहीच, शिखांची पगडी आणि कडं याला वेगळा नियम आहे. आत घातलेली माळसुद्धा ऑब्स्टॅकलवर, म्हणजे अडथळ्यांच्या कसरतीत, दोरीत अडकू शकते, गळ्याला फास लागू शकतो, हे धर्माचं नसून सेफ्टीचं कारण आहे. माझ्याकडे आळंदी रोडचा एक मुलगा होता, घरात चार पिढ्यांची वारी. जायच्या आदल्या दिवशी त्याच्या आजोबांनी स्वतः त्याची माळ काढून देवघरात ज्ञानेश्वरीवर ठेवली आणि म्हणाले, सुट्टीला येशील तेव्हा घाल, तोवर ती इथे तुझ्या नावाने आहे. घरात वाद चालला होता तो तिथे संपला. वडिलांना सहा महिने समजावून जमलं नव्हतं.

६. दाढी ठेवता येते का?

शिखांना हो. नेव्हीत परवानगी घेऊन कुणालाही, त्याचा धर्माशी संबंध नाही. एअरफोर्समधल्या एका मुस्लिम जवानाने धार्मिक कारणासाठी दाढी ठेवली म्हणून त्याला काढलं, ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १५ डिसेंबर २०१६ ला निकाल एअरफोर्सच्या बाजूने लागला. कोर्टाचा मुद्दा असा की दलात एकसारखेपणा लागतो, आणि ज्या धर्मात केस कापणं किंवा दाढी करणं निषिद्ध आहे त्यांच्यापुरताच नियमात अपवाद आहे. निकाल पटो न पटो, आज कायदा हा आहे, भरतीच्या आधी वाचून जा.

७. पुण्यात सैन्याचे गुरुजी आणि मौलवी ट्रेनिंग घेतात म्हणे, खरं आहे का?

खरं आहे, आणि पुणेकरांनाच माहीत नसतं! इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन म्हणून संस्था आहे, सैन्यातले धर्मगुरू तिथे शिकतात, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू सगळे एकत्र. त्यांची भरती नायब सुभेदार म्हणून होते, म्हणजे जेसीओ, जवान आणि ऑफिसर यांच्या मधला हुद्दा. कुठल्याही शाखेची पदवी लागते आणि वर आपापल्या धर्माचं शिक्षण, पंडितासाठी संस्कृतमधली आचार्य किंवा शास्त्री आणि कर्मकांडाचा डिप्लोमा, ग्रंथींसाठी ग्यानी, मौलवींसाठी आलिम, आणि पाद्रींची रीतसर दीक्षा झालेली असावी लागते.

काम नुसतं पूजेचं नसतं. अंत्यविधी, हॉस्पिटलमधल्या जवानांना भेटणं, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला जाऊन भेटणं हेसुद्धा त्यांच्या कामात लिहिलेलं आहे. मला ते शेवटचं फार मोलाचं वाटतं, कारण ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याच्याशी बोलायला कुणीतरी ड्युटीवर आहे. वेदपाठशाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी ही वाट जरूर बघावी.

८. आम्ही बौद्ध आहोत (मुस्लिम आहोत, ख्रिश्चन आहोत). मुलाला एकटं पाडतील का?

यावर गोड बोलून चालणार नाही. नियमाने भेदभावाला जागा नाही, अकॅडमीत स्क्वाड्रन (कॅडेट्सची तुकडी) धर्म बघून मिळत नाही, खोलीही धर्म बघून मिळत नाही, आणि शिक्षा तर सगळ्यांना सारखीच मिळते. पण नियम आणि पोरांची तोंडं या दोन गोष्टी आहेत. सतरा-अठरा वर्षांची मुलं घरून जे ऐकून येतात तेच तिथे बोलतात, आणि हल्ली घरात काय बोलतात त्यापेक्षा फोनवर काय येतं त्याचा जोर जास्त आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात नावावरून चिडवलं. क्रॉसकंट्रीत त्याने चिडवणाऱ्याच मुलाला शेवटचे दोन किलोमीटर दंडाला धरून ओढत आणलं, कारण वेळ संपूर्ण स्क्वाड्रनची धरतात. त्यानंतर ते थांबलं. पण प्रत्येकाला क्रॉसकंट्री मिळेलच असं नाही, म्हणून मुलाला सांगून ठेवा की पहिल्याच वेळी वरच्यांना सांगायचं, त्यात कमीपणा नाही.

बौद्ध पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. भरतीच्या जाहिरातीत बौद्ध भिक्खूंच्या जागा लडाख स्काउट्स या लडाखी जवानांच्या रेजिमेंटसाठी, महायान पंथाच्या असतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलाला युनिटमध्ये आपल्या पद्धतीची वंदना घेणारं कुणी भेटेल अशी अपेक्षा धरू नका, त्याला स्वतःला म्हणता यायला हवी.

९. मंदिरात आत गेला नाही म्हणून ऑफिसरला काढलं, ती केस काय आहे? हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. २०१७ मध्ये कमिशन मिळालेला ख्रिश्चन लेफ्टनंट, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये, त्याच्या हाताखाली शीख जवानांची स्क्वाड्रन. तो जवानांबरोबर मंदिर-गुरुद्वाऱ्यात जायचा, बूट काढायचा, अंगणात उभा राहायचा, पण गाभाऱ्यात पूजेच्या वेळी आत जायला नको म्हणाला, माझा धर्म परवानगी देत नाही म्हणून. वरिष्ठांनी बऱ्याचदा समजावलं, पाद्रींशीही बोलणं झालं, त्यांनी सांगितलं की आत गेल्याने श्रद्धेला बाधा येत नाही. तो बधला नाही. २०२१ मध्ये त्याला काढलं. दिल्ली हायकोर्टाने ३० मे २०२५ ला ते कायम केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्याची बाजू घेतली नाही. हायकोर्ट म्हणालं की हा धर्मस्वातंत्र्याचा नाही, वरिष्ठांचा कायदेशीर आदेश पाळायचा प्रश्न आहे.

कायद्याचा आधार असा, कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं, पण कलम ३३ संसदेला सैन्यातल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करायचा अधिकार देतं. साध्या नागरिकाला जे मागता येतं ते सगळं युनिफॉर्ममधल्या माणसाला मागता येत नाही.

आता माझं मत. क्लासमध्ये यावर दोन तास वाद झाला आणि मतं बरोबर पिढीप्रमाणे फुटली नाहीत हे मला विशेष वाटलं, एक माजी सैनिक पालक त्या ऑफिसरच्या बाजूने बोलले आणि एक सतरा वर्षांची मुलगी म्हणाली की साहेबच बाहेर उभा राहिला तर जवान काय समजतील. मला दोन्ही कळतं. उद्या ज्या माणसांना गोळीसमोर न्यायचंय त्यांच्या देवापुढे मी उभी राहणार नाही असं म्हटलं तर त्यांचं मन तुटतं, हे मी घरात ऐकत वाढलेय. पण तो माणूस अंगणापर्यंत जात होता, बूट काढत होता, त्याने कुणाची टवाळी केली नव्हती, आणि त्याची नोकरीच जावी याचं मला वाईट वाटतं. अशी गाठ युनिटमध्ये पडायच्या आधी सुटायला हवी, म्हणजे अकॅडमीतच कॅडेटला समोर बसवून विचारायला हवं की तुला दुसऱ्याच्या गाभाऱ्यात उभं राहता येईल का, नसेल तर का, बोल. जुनी पद्धत अशी की कळेल हळूहळू. आताची मुलं कारण विचारून मग मनापासून करतात, कारण न सांगता करून घेतलं तर वरवर करतात.

१०. सैनिकी शाळेत रोज श्लोक आणि आरती होते, माझा मुलगा म्हणणार नाही. चालेल का?

शाळा आणि सैन्य यात इथे मोठा फरक आहे, प्रश्न ९ चं उत्तर इथे लावू नका. शाळेतला मुलगा सैनिक नाही, कलम ३३ त्याला लागू नाही. उलट कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती लागते. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन मुलांची केस सुप्रीम कोर्टात होती, ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धार्मिक कारणाने म्हणायची नाहीत, शाळेने काढलं होतं, कोर्टाने परत घ्यायला लावलं. तेव्हा शांत उभं राहणं हा अपमान होत नाही.

धर्माबद्दल शिकवणं मात्र वेगळं. सगळ्या धर्मांची ओळख अभ्यासक्रमात असायला हरकत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलंय.

व्यवहारात काय करायचं? अ‍ॅडमिशनच्या वेळीच लेखी द्या. माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका निवासी शाळेत 'प्रार्थनेला तोंड हलत नाही' म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, आणि तो दिवाळीच्या सुट्टीत घरी येईपर्यंत आईला काही माहीत नव्हतं. लेखी दिलेलं असतं तर बोलायला जागा राहिली असती.

११. कुठल्या शाळेत धर्माचं वातावरण किती, हे कसं ओळखायचं?

शाळा कुणी आणि कशासाठी काढली ते वाचा. साताऱ्याची सैनिक स्कूल देशातली पहिली, १९६१ ची, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली. बेळगावची राष्ट्रीय मिलिटरी स्कूलही केंद्राची. नाशिकचं भोसला मिलिटरी स्कूल १९३७ मध्ये हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे यांनी सुरू केलं, तिथल्या मुलांना रामदंडी म्हणतात, संस्थेची विचारधारा लपवलेली नाही. २०२१ मध्ये केंद्राने संस्था, ट्रस्ट, खासगी शाळा यांच्याबरोबर भागीदारीत १०० नव्या सैनिक स्कूल काढायचं ठरवलं, त्यामुळे आता 'सैनिक स्कूल' या पाटीमागे वेगवेगळ्या विचारांच्या संस्था असू शकतात. एकदा सकाळच्या असेंब्लीला जाऊन उभे राहा, माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

१२. मुलगी एनडीएला गेली तर सोवळंओवळं, पाळी, मंदिर परेड हे कसं होणार?

आज्या विचारतात आणि आया आज्यांच्या नावावर विचारतात. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने मुलींना परीक्षा खुली झाली, २०२२ मध्ये पहिली बॅच आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडल्या. तारीख बघितलीत? प्रश्न ९ मधला हायकोर्टाचा निकाल त्याच दिवशीचा.

परेड ही परेड असते. ऑफिसर म्हणून तिला जवानांबरोबर उभं राहायचंय, त्या दिवशी तिच्या शरीरात काय चाललंय याचा हिशोब ती कुणाला देणं लागत नाही. मी मुलींना स्पष्ट सांगते की घरी आजीचं मन मोडायचं नसेल तर घरी पाळा, ते तुमचं प्रेम आहे, पण युनिफॉर्म घातल्यावर स्वतःला अपवित्र समजून बाजूला उभं राहायचं नाही. एका आजीने मला विचारलं, मग देवाला चालतं का? मी म्हटलं, आजी, पहाटे चारला पोटात कळा येत असताना पाठीवर बॅग घेऊन ती डोंगर चढते ते देवाला चालतं ना? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग डबा भरायला उठल्या.

१३. अग्निवीर चार वर्षांत परत येतो, त्याच्यात पलटणीचे संस्कार मुरतात का?

योजना जून २०२२ ची, चार वर्षं, त्यातले २५ टक्केपर्यंत पुढे कायम. बाबांसारख्यांना वाटतं की पलटण अंगात भिनायला दहा वर्षं लागतात. मला वाटतं घोषणा आणि कसम लवकर मुरतात, दुसऱ्याचा सण आपला मानायला वेळ लागतो, त्याला चार दिवाळ्या आणि चार ईद कमी पडतात.

१४. सैन्यात गेल्यावर दुसऱ्या धर्मातल्या मुलीशी लग्न केलं तर?

सैन्याची आडकाठी नाही. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ सगळ्यांना आहे, ३० दिवसांची नोटीस लागते. ट्रेनिंग चालू असताना मात्र कुणाशीच लग्न करता येत नाही. बाकी घरातलं घरात बघा.

१५. एसएसबीत धर्मावर प्रश्न आला तर काय बोलू?

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो, खरं ते लिहा. इंटरव्ह्यूत विचारलं तर पाठ केलेलं 'मी सर्वधर्मसमभाव मानतो' बोलू नका, समोरच्याने ते शेकडो वेळा ऐकलंय. घडलेलं सांगा. मागच्या वर्षी एका मुलाने सांगितलं की आमच्या बिल्डिंगच्या गणपतीचा हिशोब माझा मुस्लिम मित्र ठेवतो कारण त्याचंच गणित चांगलं आहे. त्यावर पुढे दहा मिनिटं मस्त बोलणं झालं म्हणे.

१६. मुलगा सुट्टीवर आला आणि देवघरात पायच ठेवत नाही (किंवा उलट, फार देव देव करतो). काळजी करू का?

दोन्ही होतं, पहिल्या टर्मनंतर विशेष. लगेच पुजाऱ्याला किंवा समुपदेशकाला गाठू नका. काय बघितलं, कोण जखमी झालं, कोण सोडून गेलं, हे आधी ऐका. झोपत नसेल, बोलत नसेल तर मात्र डॉक्टर.

आमच्या बाबांच्या काळ्या ट्रंकेत झाकणाच्या आतल्या बाजूला जेजुरीच्या खंडोबाचा फोटो आहे, कडा भंडाऱ्याने पिवळ्या झालेला. त्याच्या शेजारी रुमालात गुंडाळलेला गुटका आहे, गुरबाणीचा छोटा ग्रंथ, एका शीख हवालदाराने पोस्टिंग बदलताना दिलेला. बाबांना गुरुमुखी वाचता येत नाही. दसऱ्याला ट्रंक उघडतात, भंडारा वाहतात, मग हात धुतात, डोक्यावर रुमाल टाकतात आणि गुटक्याचं कापड बदलतात. गेल्या दसऱ्याला माझ्या भाच्याने विचारलं, आजोबा, वाचता येत नाही तर ठेवलंय कशाला? बाबा म्हणाले, "त्याने माझ्याकडे ठेवायला दिलंय." भाच्याने मग फोनवर गुरुमुखीची अक्षरं शोधली आणि पहिली ओळ त्यांना वाचून दाखवली.